धास्तीच्या पुढे एक पाऊल

छातीत धडधडतंय, ही तक्रार आपल्या बायकांच्या तोंडी किती वेळा येते पाहा. कधी दुपारी सगळी कामं आटोपून जरा टेकलं की, कधी रात्री अडीच-तीनला दचकून जाग आली की. कधी तर फोनची रिंग वाजली तरी काळजाचा ठोका चुकतो. हात गार पडतात, घशाला कोरड पडते, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. घरचे घाबरून दवाखान्यात नेतात. कार्डिओग्राम निघतो. तो चांगला येतो. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, घरचे म्हणतात उगाच डोक्याला ताप करून घेतेस. बाई गप्प बसते. आजार नाही म्हटल्यावर धडधड तरी कशाची, हे तिला कोणी सांगत नाही.

बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाले की बायका हळूच हा विषय काढतात. अशा वेळी मला आपल्याच जिल्ह्यात संसार केलेली एक बाई आठवते, स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांना अमुक आजार होता असं मी म्हणणार नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी आज कोणी पाहू शकत नाही. पण धास्ती म्हणजे काय, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलं आणि सोसलं. तिच्यातून वाटही काढली. त्या वाटेविषयी आज लिहायचं आहे.

धुतलेलं मीठ

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, सगळे मनू म्हणत. मनूच्या आईचे वडील, वासुदेव भगवंत जोगळेकर, यांना १८५७च्या बंडात इंग्रजांनी फाशी दिलं. मनू तेव्हा जन्मलीही नव्हती, पण त्या फाशीची सावली तिच्या घरावर कायमची पडली. तिच्या वडिलांनी या घटनेनंतर सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की सारं घर त्यात बुडालं.

सोवळं तेव्हा घरोघरी होतं. पण या घरातलं सोवळं वेगळं होतं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. धान्य तर धुवायचंच, पण मीठसुद्धा धुवायचं! मीठ धुतल्यावर उरणार किती? तरी धुवायचं. कोणाचा स्पर्श झाला, कशाला काय लागलं, याची शंका दिवसभर. त्या शंकेपायी घरातल्या सगळ्यांच्याच जिवाला घोर.

लक्ष्मीबाईंनी पुढे हे सगळं लिहिलं तेव्हा वाचणारा हसून हसून बेजार झाला. पण हसू ओसरलं की लक्षात येतं, त्या माणसाला आतून केवढी भीती वाटत असेल! आज मनाचे डॉक्टर अशा त्रासाबद्दल बोलतात. वारंवार हात धुणं, कुलूप लागलं का ते पुन्हापुन्हा पाहणं, गॅस बंद केला का म्हणून चारदा उठणं, हे आपल्या आजूबाजूलाही दिसतं. त्याचं वर्म असं, की एकदा धुतलं की घटकाभर बरं वाटतं. पण भीती तेवढ्यात शिकते, की धुतलं म्हणूनच वाचलो. मग पुढच्या वेळी ती दुप्पट जोराने येते. म्हणजे धुण्याने भीती जात नाही, तिला उलट खतपाणी मिळतं.

मनूने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने ते अंगणात, ओलेत्याने उभं राहून पाहिलं.

न सांगता जाणारा नवरा

१८८० साली, अकराव्या वर्षी, मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक, वय अठरा. हुशार, कवी मनाचा, बोलण्यात सगळ्यांना जिंकणारा. पण स्वभाव वाऱ्यासारखा. आज आहे तर उद्या नाही. कोणाला न सांगता उठून जायचे ते कुठे गेले, कधी येतील, याचा पत्ता नसायचा. नोकरी धरली तशी सोडली. आज नाशिक, मग नागपूर, मग राजनांदगाव. हातात पैसा आला तर तो कोणा गरजवंताला देऊन मोकळे. किराण्याला दिलेल्या पैशात भलतीच वस्तू घेऊन घरी येतील, याचाही नेम नव्हता. राग आला की घर डोक्यावर, आणि राग गेला की लहान मुलासारखे लाघवी.

अशा माणसाच्या बायकोला धास्ती नसेल तर कोणाला असेल? दारात पाऊल वाजलं की कान टवकारायचे. पत्र आलं की हात थरथरायचे. त्यात पोटची मुलं गेल्याचं दुःख. १८९१ साली दत्तूचा जन्म झाला, तो मात्र जगला.

आपल्याकडे कितीजणी अशा आहेत. नवरा ट्रकवर गेलेला, मुलगा परगावी कंपनीत, कांद्याचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. काळजी करू नकोस, असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारावंसं वाटतं, की कारण खरं असताना काळजी करायची नाही कशी? लक्ष्मीबाईंची काळजीही मनाचे खेळ नव्हती. तिला कारण होतं. म्हणूनच त्यांच्यापासून शिकण्यासारखं आहे. कारण जात नसताना धास्तीबरोबर जगायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता आणि आपलाही तोच आहे.

पाच वर्षं

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही बातमी घरी येऊन थडकली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरात तीन-चार वर्षांचा दत्तू होता.

आज आपल्याला त्याचा अर्थ पुरता कळायचा नाही. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातला माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे घरच्यांच्या लेखी तो मेल्यासारखाच. पण तो मेलेला नाही, म्हणून रडून मोकळंही होता येत नाही. कपाळाला कुंकू आहे आणि नवरा नाही. सवाष्ण म्हणून बोलवायचं की नाही, हा लोकांपुढे प्रश्न. नातेवाईक आधार देतात, पण त्या आधारात कीवही असते. पुढे पाच वर्षं हे असंच चाललं. त्या बहिणीच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. दुःखाने शरीरही खचलं.

मनाचं दुःख शरीराने बोलतं, ते खोटं नसतं, हे आता आपल्याला समजून सांगता येतं. संकट दिसलं की शरीर आपोआप तयारीला लागतं. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथी रक्तात एक द्रव सोडतात, त्याला अ‍ॅड्रेनलीन म्हणतात. त्याने हृदय जोरात पळतं, श्वास भरभर होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. वाघ समोर आला तर पळता यावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण आपला वाघ पत्रात असतो, फोनमध्ये असतो, उद्याच्या हप्त्यात असतो. पळून जायला जागा नसते. मग बसल्या जागी काळीज धावत राहतं.

आणि हे बायकांनाच होतं असंही नाही बरं का! अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या तरण्याबांड सैनिकांना छातीत धडधड व्हायची, दम लागायचा, पण हृदयात दोष सापडायचा नाही. जेकब डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यावर लेख लिहिला. पुढे त्या त्रासाला त्यांचंच नाव पडलं. बंदुका धरणाऱ्यांची ही गत, तर पोळपाट-लाटणं धरणाऱ्या बाईला कमकुवत मनाची कशाला म्हणायचं?

त्या काळात लक्ष्मीबाईंनी एक गोष्ट केली. त्या कविता रचू लागल्या. शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून, तेही अडखळत. पण जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या बाईला शब्दांचा तोटा नसतो. जे कोणापाशी बोलता येत नव्हतं ते त्यांनी शब्दांत बांधलं. धास्तीला नाव दिलं की ती थोडी आवाक्यात येते. नाव नसलेली भीती घरभर पसरते. नाव दिलेली निदान एका कोपऱ्यात बसते.

वेगळी चूल

पाच वर्षांच्या सुमारास लक्ष्मीबाईंनी ठरवलं, की नवऱ्याकडे जायचं. टिळक तेव्हा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनमध्ये होते. लोक काय म्हणतील, हा घोर होताच. पण त्याहून मोठी धास्ती स्पर्शाची होती. बाटण्याची. ज्या घरात मीठ धुतलं जायचं त्या घरची ही लेक. तिच्या अंगात ती भीती आईच्या दुधाबरोबर भिनलेली.

त्या गेल्या, पण एकदम सगळं सोडून नाही. त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळं ठेवलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. एवढ्या तापट माणसाने या एका बाबतीत धीर धरला, ही त्यांची मोठीच गोष्ट म्हणायची. लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्यात राहिल्या, पण राहिल्या त्या लोकांच्या मध्ये. रोज निरनिराळ्या जातींची माणसं दिसत होती. त्यांची सुखदुःखं कळत होती, त्यांची मुलं अंगाखांद्यावर येत होती. जगबुडी काही होत नव्हती.

मग त्या विचार करू लागल्या. कोणी शिकवलं म्हणून नाही, स्वतःच्या डोक्याने. देवाने माणसं केली, मग ही शिवाशीव कोणी केली? विचार करता करता एक एक पकड सुटत गेली. आधी मनातून, मग पाण्यातून, मग ताटातून. आपल्या नेवाशाच्या शेजारी राहुरी आहे. तिथेही या जोडप्याने काही काळ संसार केला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

कोणी कोणता धर्म पाळावा, हा या लेखाचा विषय नाही. ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. मला दिसतं ते एवढंच, की वडिलांनी ज्या भीतीपायी आयुष्यभर पाणी ओतलं, त्याच भीतीकडे लेक एक एक पाऊल टाकत चालत गेली. वडील भीतीपासून दूर पळत राहिले आणि भीती वाढत गेली. लेक जवळ गेली आणि भीती लहान होत गेली. आज मनाचे डॉक्टर धास्तीच्या आजारावर जे उपचार करतात त्यातला एक मोठा उपचार हाच आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे थोडंथोडं, आपल्या बेताने जायचं, पण मागे फिरायचं नाही. एसटीत बसल्यावर धडधडलं म्हणून बाई एसटीत बसायची सोडते. मग बाजारात जायचं सोडते, मग लग्नकार्याला. शेवटी उंबरठा उरतो. धडधड तिला मारत नाही. तिच्या भीतीने सोडलेल्या गोष्टी तिला कोंडून टाकतात.

भरलेलं घर

तोच काळ मोठ्या दुष्काळाचा होता. छप्पनचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं अजून ज्याचं नाव घेतात तो १८९९-१९००चा. प्लेगही होता. टिळकांच्या घरात दुष्काळातली पोरकी मुलं येऊन राहिली. त्यांचं खाणंपिणं, आजारपण, भांडणं, सगळं लक्ष्मीबाईंच्या अंगावर. पुढे कवी म्हणून नावाला आलेले बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. त्या पोरसवदा, हळव्या मुलाला लक्ष्मीबाईंनी आईची माया दिली.

एवढ्या गर्दीत स्वतःच्या छातीकडे कान लावून बसायला वेळ कुठला? आता मी असं म्हणणार नाही, की कामात राहिलं की आजार जातो. कामाच्या ओझ्याने तर धडधड वाढते, हे कोणत्याही बाईला सांगायला नको. पण सक्तीचं काम वेगळं आणि ज्यात जीव रमतो ते माणसांचं काम वेगळं. मन सारखं आतल्या ठोक्यांवर लागलेलं असलं, की साधा ठोकाही ढोलासारखा वाजतो. मन बाहेर कोणात तरी गुंतलं, की तोच ठोका नुसता ठोका राहतो.

लक्ष्मीबाईंचं दुसरं औषध होतं हसणं. ९ मे १९१९ला टिळक गेले. पुढे त्या काही काळ दत्तूच्या संसारात कराचीलाही राहिल्या. टिळकांचं ख्रिस्तायन हे काव्य अपुरं राहिलं होतं. त्यांनी आणखी ६४ अध्याय लिहून ते पूर्ण केलं. आणि मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहायला घेतल्या. स्मृतिचित्रे १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झालं. २४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई गेल्या, शेवटचा भाग त्यांच्या मागे आला. २०१७ साली शांता गोखले यांनी ते नव्याने इंग्रजीत नेलं.

या पुस्तकात रडगाणं नाही. वडिलांचं सोवळं, सासऱ्यांचा जाच, नवऱ्याचा राग, स्वतःची फजिती, सगळं त्यांनी हसत सांगितलं. कोणाचा सूड नाही, कोणाला शाप नाही. दुःख लपवलं असंही नाही. पण दुःखाकडे त्या अशा पाहतात, जसं एखाद्या खट्याळ पोराकडे पाहावं. ज्या गोष्टीने आपल्याला एकेकाळी थरथर कापवलं तिच्यावर हसता आलं, म्हणजे तिची सत्ता संपली.

आपल्या छातीतली धडधड

आता मैत्रिणींनो, लक्ष्मीबाईंच्या काळात नव्हतं ते आपल्याकडे काय आहे, तेही पाहू.

पहिली गोष्ट, धडधड होते म्हणजे मनाचंच आहे असं आपणच ठरवायचं नाही. रक्त कमी असलं तरी धडधडतं आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं फार. थायरॉइड वाढलं तरी धडधडतं. पाळी जाण्याच्या वयातही होतं. दिवसाचे पाच-सहा कप चहा, उपाशीपोटी राहणं, जागरण, काही औषधं, हीदेखील कारणं असतात. हृदयाच्या ठोक्यांचा खराखुरा बिघाडही असू शकतो. म्हणून एकदा तरी डॉक्टरांकडून तपासून घ्या. रक्त, थायरॉइड, कार्डिओग्राम. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडायला झालं, छातीत दाबल्यासारखं दुखलं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, फार दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन करून दवाखाना गाठा.

तपासण्या चांगल्या आल्या, तर मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवा. दर महिन्याला नव्या डॉक्टरकडे नवा कार्डिओग्राम काढणं, दर तासाला नाडी मोजणं, हे मीठ धुण्यासारखंच आहे. घटकाभर बरं वाटतं, पण भीतीला खत मिळतं. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. धास्तीत ती बरीच वर जाते आणि आपोआप खालीही येते. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि मग उतरू लागतो. चढलेली लाट उतरणारच, हे माहीत असलं तरी अर्धी भीती कमी होते.

त्या वेळी करायचं ते असं. असाल तिथे बसा. पाय जमिनीवर टेकवा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. मनात आकडे मोजा, हवं तर नाम घ्या. श्वास लांब सुटला की शरीराला कळतं, वाघ गेला. धडधडीशी भांडू नका. आली आहे, जाईल, एवढंच. आणि ओसरली की जे काम करत होता तेच पुढे करा. उठून अंथरुणावर जाऊ नका. लक्ष्मीबाईंची गोष्ट लक्षात ठेवायची ती इथे.

झटके वारंवार येत असतील, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. १४४१६ या नंबरवर फोन केला की मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास गोळ्यांनी हा त्रास आटोक्यात येतो. गोळ्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि मनाने बंदही करायच्या नाहीत, एवढं पाळा.

आणि घरच्यांनाही एक सांगणं आहे. तिला उगाच करतेस असं म्हणू नका. तिचं काळीज खरंच पळतंय. टिळकांनी जसा एका बाबतीत धीर धरला, तसा धीर धरा. ढकलू नका आणि कोंडूनही ठेवू नका. ती एक पाऊल टाकेल तेव्हा बाजूला चाला.

लक्ष्मीबाईंना कोणी शूर म्हटलं असतं तर त्या हसल्याच असत्या. भीती त्यांनाही वाटत होती, शेवटपर्यंत वाटत असेल. पण भीती वाटत असतानाच त्यांनी चूल पेटवली, पोरं वाढवली, दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं, आणि साठी उलटल्यावर पुस्तक लिहिलं. पुढच्या वेळी छातीत धडधडलं, की या बाईंची आठवण काढा. आणि मनात जे आहे ते एका वहीत, तोडक्यामोडक्या अक्षरात का होईना, लिहून पाहा. अक्षर चुकलं तरी हरकत नाही. लक्ष्मीबाईंनीही ते असंच, अडखळत शिकून गिरवलं होतं.